आचार्यांनी भाजी निवडायला यावे

शनिवारी पहाटे पाच वाजता वेदान्त शिकवणारे एक वयस्कर आचार्य खांद्यावर उपरणं टाकून वसतिगृहाच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आत अंधार. कुलूप तसंच. अर्ध्या तासाने दूधवाला आला, त्याने त्यांना पायरीवर बसायला पोतं अंथरून दिलं. आदल्या संध्याकाळी कार्यालयाकडून मेल आला होता आणि त्यात स्वच्छ लिहिलं होतं: ‘सर्व आचार्यांना शनिवारी पहाटे पाच वाजता भाजी निवडण्यासाठी हजर राहावे लागेल.’ शिबिर तोंडावर आलेलं, पंगती मोठ्या, तेव्हा या वर्षी श्रमदान ठेवलं असेल असं समजून ते आले. ज्यांना बोलवायचं होतं त्या आचाऱ्यांपर्यंत निरोप पोचलाच नाही, कारण मेल वाचून विभागप्रमुखांनी तो इमानेइतबारे आचार्यांकडे पाठवला होता.

संस्थेचं नाव घेत नाही. निवासी आहे, संस्कृत शिकवते, आणि तिच्या कार्यालयातली चार मशिनं गेली काही वर्षं मी सांभाळतो. कार्यालयाच्या ताईंचा फोन मला साडेसातला आला. ‘अहो, तुमच्या त्या नव्या सोयीनं आचार्यांना भाजी निवडायला बसवलंय.’ मी हसलो. ताई हसल्या नाहीत.

नवी सोय म्हणजे काय ते आधी सांगतो. ताई दर शुक्रवारी एक लांबलचक मेल पाठवतात. आठवड्याचा भोजनक्रम, शिध्याची मापं, कुणाची पाळी कधी, कोणत्या वर्गाची खोली बदलली, असं तीन-चार पानांचं. मेलसाठी थंडरबर्ड आहे आणि मजकूर साधा ठेवलेला आहे, रंगीबेरंगी नाही. ताईंचा हात मात्र नोटपॅड प्लस प्लस (पुढे नुसतं नोटपॅड) या मजकूर लिहायच्या प्रोग्रामवर बसलेला. आल्ट दाबून माउसने उभा पट्टा निवडायचा आणि सगळ्या मापांचा रकाना एका दमात बदलायचा, ही त्यांची खास कला. थंडरबर्डच्या लिहिण्याच्या खिडकीत ते जमत नाही. म्हणून त्या मजकूर तिकडे लिहायच्या, कॉपी करायच्या, इकडे चिकटवायच्या. त्यात कधी शेवटचा परिच्छेद राहून जायचा, कधी मागच्या आठवड्याचाच मजकूर चिकटायचा. मी म्हटलं, मधला हमाल काढून टाकू.

थंडरबर्डला ‘एक्स्टर्नल एडिटर रिव्हाइव्हड’ नावाची जोड, म्हणजे अ‍ॅड-ऑन, मिळते. नावातलं ‘रिव्हाइव्हड’ उगाच नाही. पूर्वी याच कामाची एक जुनी जोड होती आणि ती स्वतःच बाहेरचा प्रोग्राम सुरू करू शकायची. जुलै २०२० मध्ये थंडरबर्ड ७८ आला तेव्हा जुन्या पद्धतीच्या सगळ्या जोडण्यांना दार बंद झालं. नव्या पद्धतीच्या जोडणीला तुमच्या मशीनवरचा कुठलाही प्रोग्राम परस्पर चालवता येत नाही. एकच खिडकी ठेवलेली आहे, तिला नेटिव्ह मेसेजिंग म्हणतात: मशीनवर एक छोटा मध्यस्थ प्रोग्राम वेगळा आणून ठेवायचा, विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या नोंदवहीत, त्याचा पत्ता नोंदवायचा, आणि मग जोड त्याच्याशी बोलते. अनेकजण इथेच अडकतात. जोड बसवली की काम झालं असं त्यांना वाटतं आणि मध्यस्थ आणायचाच राहतो.

पुढची साखळी अशी. लिहिण्याच्या खिडकीत कंट्रोल-ई दाबलं की जोड मजकूर, विषय आणि पत्ते गोळा करून मध्यस्थाच्या हाती देते. मध्यस्थ ते सगळं एका तात्पुरत्या फाइलीत लिहितो. वर ‘फ्रॉम’, ‘टू’, ‘सब्जेक्ट’ अशा ओळी, मग एक कोरी ओळ, मग मजकूर. ती फाइल तो नोटपॅडमध्ये उघडतो आणि दारात बसून राहतो. नोटपॅड बंद झालं की फाइल पुन्हा वाचतो आणि जे असेल ते थंडरबर्डच्या खिडकीत परत भरतो. जोडपत्रं या फेरीत जात नाहीत, ती थंडरबर्डकडेच राहतात. सांगायला सोपं आहे आणि खरंच सोपं आहे. युनिक्सच्या जुन्या मेल-प्रोग्रामांत ही चाल पहिल्यापासून आहे. मट नावाचा मेल-प्रोग्राम तर मजकूर लिहायला सहसा दुसऱ्याच प्रोग्रामला बोलावतो.

पहिल्या दिवशी दोन अडचणी आल्या. त्या लवकर सुटल्या, पण दोन्ही लिहून ठेवतो, कारण पुढे माझा जो गैरसमज झाला त्याचं बी यातच होतं.

एक: कंट्रोल-ई दाबलं, नोटपॅड उघडलं, ताईंनी पानभर लिहिलं, सेव्ह केलं, बंद केलं, आणि थंडरबर्डमध्ये अक्षरही उमटलं नाही. कारण असं, की नोटपॅड प्लस प्लस आधीच उघडं होतं. ते एकाच खिडकीत राहणारं जनावर आहे. दुसऱ्यांदा हाक मारली की नवी प्रत जन्माला येते, फाइल जुन्या खिडकीच्या हवाली करते आणि त्याच क्षणी मरते. दारात बसलेल्या मध्यस्थाला वाटतं, गेले वाटतं, काम संपलं. तो कोरी फाइल उचलून परत जातो, आणि ताई पुढची वीस मिनिटं अशा फाइलीत लिहीत बसतात जिची वाट कुणी पाहत नाही. उपाय म्हणजे हाक मारताना ‘मल्टिइन्स्ट’ हा पर्याय द्यायचा, म्हणजे दर वेळी स्वतंत्र प्रत उघडते. मजकूर लिहायच्या इतर प्रोग्रामांचंही तेच: व्हीएस कोडला याच कामासाठी ‘वेट’ लागतं, लिनक्सवरच्या जीव्हिमला ‘नोफोर्क’, केटला ‘ब्लॉक’. नावं वेगळी, दुखणं एकच.

दोन: इंग्रजी सही (मेलखाली आपोआप येणारा नाव-पत्त्याचा मजकूर) असलेल्या दुसऱ्या खात्यातून नवा मेल उघडून मराठी लिहिलं की परत येताना सगळी प्रश्नचिन्हं. फाइलीत तोवर एकही देवनागरी अक्षर नव्हतं, त्यामुळे त्या मशीनवरच्या जुन्या नोटपॅडने ती यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या मावणाऱ्या अक्षरसंचातली न मानता जुन्या एएनएसआय संचातली मानली, आणि त्या संचात मराठी बसत नाही. सेटिंगमध्ये नव्या कागदाचा संच यूटीएफ-८ करून ‘एएनएसआय फाइलींनाही हेच लावा’ या खुणेवर टिचकी मारली. मिटलं. ताईंच्या मुख्य खात्याची सही मराठी, म्हणून तिथे हे कधी दिसलंच नव्हतं.

या दुसऱ्या अडचणीमुळे माझ्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली: इथे काही बिघडलं तर तो अक्षरसंचाचा घोळ असणार. म्हणून शनिवारी कार्यालयात पोचल्यावर मी पहिलं काय केलं, तर पाठवलेल्या मेलवर कंट्रोल-यू दाबून त्याचा मूळ स्रोत उघडला. संच यूटीएफ-८. काही वावगं नाही. बाकीचा मजकूर पाहिला तर ‘आचार्यांना’ एकटा नव्हता. ‘दुसर्या पंगतीला पुर्या’, ‘सुर्यांना धार लावून’, ‘कर्मचार्यांचे जेवण’, आणि एका ठिकाणी ‘भाकर्या’. पण ‘विद्यार्थी’, ‘कार्यालय’, ‘सूर्यनमस्कार’ जागच्या जागी. म्हणजे रफार ठीक होता. मोडला होता तो दुसरा र: ‘दुसऱ्या’मधला, य च्या डाव्या अंगाला आडवा बाक होऊन चिकटणारा.

हा र मराठीला लागतोच. आचार्य आणि आचारी यांच्या सामान्यरूपांत फरक फक्त त्याचाच. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, तो लिहायच्या दोन वाटा आहेत. १९९६ च्या युनिकोड २.० मधली जुनी वाट अशी: साधा र, मग पाय मोडण्याचं चिन्ह, मग एक न दिसणारं अक्षर, झिरो विड्थ जॉइनर, थोडक्यात झेडडब्ल्यूजे, आणि मग य. दुसरी वाट: नुक्त्याचा ऱ, मग पाय मोडण्याचं चिन्ह, मग य. आज हीच योग्य मानतात, पण जुनीही चालते आणि पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारख्या दिसतात. पोटात मात्र वेगळ्या. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं. जुन्या वाटेने लिहिलेलं ‘आचाऱ्यांना’ अकरा चिन्हांचं, म्हणजे ३३ बाइटचं, आणि नव्या वाटेने दहा चिन्हांचं, ३० बाइटचं. जुन्या वाटेतला तो न दिसणारा जॉइनर काढला की उरतात तेही ३०, आणि ते असतात ‘आचार्यांना’.

एवढं मला माहीत होतं. पुढचा तर्क मी लगेच केला आणि चुकलो.

कार्यालयात हिशेब पाहणारे दादा आहेत. ते इन्स्क्रिप्ट नावाच्या कळफलकावर टंकतात, सरकारी परीक्षेसाठी शिकलेले. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबलं की थेट ऱ येतो. ताई उच्चारानुसार, म्हणजे रोमन कळांनी मराठी लिहितात, आणि त्यांच्या त्या टंकन-प्रोग्राममधून जुन्या वाटेचा, जॉइनरवाला र येतो. दादांचे मेल स्वच्छ, ताईंचे मोडलेले. मला वाटलं, झालं, सापडलं. कुठेतरी जॉइनर गळतोय, तो ताईंच्याच कळफलकातून येतोय, तर कळफलक बदलू. मी ताईंना दुसऱ्या मशीनवरून इन्स्क्रिप्टमध्ये एक ओळ टंकायला लावली. आंबट चेहऱ्याने, एकेक कळ शोधत त्यांनी ‘दुसऱ्या दिवशी आचाऱ्यांना’ लिहिलं. मग त्यांच्याच जागेवर, कंट्रोल-ई करून, ती ओळ मेलमध्ये घातली, सेव्ह केलं, पाठवलं. अगदी नीट पोचलं.

मला हा पुरावा वाटला. पुरावा कसला, योगायोगही नव्हता तो. नव्या वाटेच्या ऱ मध्ये जॉइनर नसतोच, मग गळणार काय? गळती कुठे आहे ते मी तपासलं नव्हतं, फक्त गळेल असं काही त्यातून जाऊच दिलं नव्हतं. शिवाय दादा आणि ताई यांच्यात फरक एकच नव्हता. दादा कंट्रोल-ई कधी दाबतच नाहीत, ते थेट थंडरबर्डमध्ये लिहितात. एकाच वेळी दोन गोष्टी वेगळ्या असताना मला जी ओळखीची होती तिच्यावर मी बोट ठेवलं. ताईंना सांगून आलो, ‘आठवडाभर इन्स्क्रिप्टचा सराव करा.’ त्या म्हणाल्या, ‘करते हो, पण आता या वयात बोटं मोडायची का?’ मला त्यातला टोमणा कळला नाही.

पुढच्या शुक्रवारचा मेल ताईंनी जिद्दीने इन्स्क्रिप्टवर टंकला. रात्री साडेअकरापर्यंत बसल्या होत्या असं नंतर कळलं. एकही र मोडला नाही. प्रकरण संपलं असं मी वहीत लिहूनसुद्धा टाकलं.

सोमवारी विश्वस्तांपैकी एकांची तक्रार आली, आणि ती भलत्याच गोष्टीची होती. मेलवर उत्तर-प्रत्युत्तर चाललेलं, आणि प्रत्येक उत्तरात संस्थेचा पूर्ण पत्ता, दोन दूरध्वनी आणि ब्रीदवाक्याचा श्लोक पुन्हा पुन्हा येत होता. चौथ्या उत्तरात चार श्लोक. ‘हे पूर्वी होत नव्हतं,’ एवढंच त्यांनी लिहिलं होतं.

खरंच होत नव्हतं. थंडरबर्डमध्ये सहीच्या वर दोन आडव्या रेघा येतात, आणि त्या दोन रेघांनंतर एक रिकामी जागा असते. ती जागा शोभेची नाही. मजकूर कुठे संपला आणि सही कुठे सुरू झाली हे मेल-प्रोग्राम तिच्यावरूनच ओळखतात. फेब्रुवारी २००४ मधल्या आरएफसी ३६७६ या इंटरनेटच्या नियमपत्रातही ही खूण अशीच दिली आहे: रेघ, रेघ, जागा. खूण बरोबर असली की थंडरबर्ड सही फिकट रंगात दाखवतो आणि उत्तर देताना ती आपोआप वगळतो. नुसत्या दोन रेघा राहिल्या तर सही म्हणजे चार ओळींचा आणखी मजकूर, उत्तरात येणारच. ताईंचा इन्स्क्रिप्टमधला, माझ्या मते निर्दोष, मेल उघडला. सही काळीभोर. स्रोत पाहिला. दोन रेघा, आणि लगेच ओळ संपलेली.

त्याच आरएफसीत ओळीच्या शेवटच्या जागेला आणखी एक काम दिलेलं आहे. लांब परिच्छेद पाठवताना थंडरबर्ड तो साधारण ७२ अक्षरांवर तोडतो आणि तोडलेल्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडतो. ‘इथे मी तोडलंय, तू पुन्हा जोड,’ असा तो निरोप असतो. म्हणजे मेलच्या जगात ओळीच्या शेवटी असलेली, कुणालाही न दिसणारी जागासुद्धा बोलते. पण इथे ती थंडरबर्डने गमावली नव्हती. पाठवण्याच्या आधीच कुणीतरी ती खाल्ली होती. एक न दिसणारं अक्षर शब्दाच्या पोटातून गेलं, दुसरं ओळीच्या शेवटून. कळफलकाचा आणि सहीचा काही संबंध नाही, सही कुणी टंकतच नाही. माझा तर्क तिथेच कोसळला.

मंगळवारी जाऊन ताईंच्या खुर्चीत बसलो आणि एकेक पायरी केली. थंडरबर्डमध्येच ताईंच्या कळफलकाने ‘आचाऱ्यांना’ लिहून स्वतःला पाठवलं: नीट. तसंच लिहून कंट्रोल-ई, नोटपॅड उघडलं, काही न करता बंद: नीट. कंट्रोल-ई, नोटपॅडमध्येच शब्द लिहिला, कंट्रोल-एस, बंद: नीट, आणि सहीची जागाही शाबूत. नोटपॅडच्या नव्या आवृत्त्यांत न दिसणारी अक्षरं दाखवायचा पर्याय आहे. तो चालू केला, तर शब्दाच्या मधोमध झेडडब्ल्यूजेची काळी चौकट ठाण मांडून बसलेली. थंडरबर्ड निर्दोष, जोड निर्दोष, मध्यस्थ निर्दोष, नोटपॅड निर्दोष.

तासभर झाला. ताई चहा घेऊन आल्या, म्हणाल्या, ‘बघू, उठा. मी करून दाखवते.’

मी मागे उभा राहिलो. त्यांनी कंट्रोल-ई दाबलं, झरझर दोन ओळी लिहिल्या, मग उजवा हात उचलून वरच्या रांगेतली एफ-९ दाबली आणि खिडकी बंद केली. थंडरबर्डमधली खिडकीही क्षणभर दिसून नाहीशी झाली. मेल गेला.

‘एफ-९ कशाला?’

‘सेव्ह करायला. तुम्हीच नाही का बसवून दिलंत?’

मीच बसवून दिलं होतं. तीन वर्षांपूर्वी संस्थेची स्मरणिका निघाली तेव्हा लेख पीडीएफमधून, व्हॉट्सअ‍ॅपवरून, कुठून कुठून येत होते. त्यांत न तुटणाऱ्या जागा, शून्य रुंदीच्या जागा, फाइलीच्या तोंडाला चिकटलेली बीओएमची खूण (युनिकोड क्रमांक एफईएफएफ), असला बराच कचरा असायचा. नोटपॅड प्लस प्लसमध्ये ओळींच्या शेवटच्या जागा छाटून सेव्ह करणारा एक मॅक्रो, म्हणजे एका कळीसरशी होणारी कामांची साखळी, तयारच येतो. त्याच धर्तीवर मी स्वतःचा नोंदवला: युनिकोडच्या २००बीपासून २००एफपर्यंतची आणि एफईएफएफ ही न दिसणारी अक्षरं उडवा, ओळींच्या शेवटच्या जागा छाटा, सेव्ह करा. कळ दिली एफ-९. त्या पट्ट्यात पाच अक्षरं येतात. २००बी ही शून्य रुंदीची जागा, ती हवीच होती उडवायला. २००ई आणि २००एफ या मजकुराची दिशा सांगणाऱ्या खुणा, मराठीला नको असलेल्या. आणि मध्ये सँडविचमधल्या काकडीसारखी दोन अक्षरं, २००सी आणि २००डी. २००डी म्हणजे आपला जॉइनर. दोन टोकं लिहून मधे रेघ मारली की मधलं सगळं जातं. पाच आकडे वेगवेगळे लिहायचा मी आळस केला, एवढीच गोष्ट.

ताईंना एफ-९ म्हणजे ‘साफ करून सेव्ह’ अशी सवय लागली आणि पुढे त्यांच्या हाताला सेव्ह म्हणजे एफ-९च झालं. पूर्वी त्या नोटपॅडमधून कॉपी करून मेलमध्ये चिकटवायच्या तेव्हा हे का घडलं नाही? विचारल्यावर कळलं, कॉपी करण्यासाठी सेव्ह करावंच लागत नाही. लिहायचं, सगळं निवडायचं, उचलायचं. सेव्ह व्हायचं ते नंतर, घरी जाताना. मी मधला हमाल काढला आणि सेव्ह करण्याला मेलच्या रस्त्यात आणून बसवलं. फाइल डिस्कवर उतरल्याशिवाय मध्यस्थाला काही मिळतच नाही.

आणि खिडकी क्षणात गेली ती का? जोड फाइलीच्या वरच्या भागात स्वतःच्या काही ओळी घालते. त्यांतली एक ‘सेंड-ऑन-एग्झिट’, तिच्यापुढे ‘फॉल्स’ लिहिलेलं असतं. ताईंनी तिसऱ्याच दिवशी ती ओळ वाचून, अर्थ लावून, तिथे ‘ट्रू’ लिहायला सुरुवात केली होती. नोटपॅड बंद होताच मेल रवाना. दर वेळी आठवणीने लिहायच्या. त्यांच्या हुशारीचं मला अजूनही कौतुक आहे, पण त्यामुळे असं झालं की मॅक्रोने शब्द बदलल्यानंतर तो मजकूर कुणाच्याही नजरेखालून गेलाच नाही. त्यांनी पाहिला तो एफ-९ दाबण्याआधीचा. त्यानंतरचा पहिला वाचक म्हणजे विभागप्रमुख.

दुरुस्ती तशी किरकोळ. आधी मॅक्रो सुधारला: जिथे साधा र, पायमोड आणि जॉइनर असे ओळीने येतात तिथे नुक्त्याचा ऱ आणि पायमोड घालायचा. दिसायला काही बदलत नाही, पण पुढे कुणी जॉइनर उडवले तरी शब्द वाचतो. मग फक्त २००बी, २००ई, २००एफ आणि एफईएफएफ, चारही वेगवेगळे लिहून. बाकीच्या जॉइनरांना हात लावला नाही. संस्थेच्या व्याकरणाच्या टिपणांत जोडाक्षर फोडून दाखवायला ते मुद्दाम घातलेले असतात, आणि पाय मोडलेला न् सुटा ठेवायला २००सी लागतो. संस्कृत शिकवणाऱ्या ठिकाणी ही दोन अक्षरं सरसकट कचरा समजणं हा माझा मूळ गाढवपणा.

पण मेलसाठी हा सुधारलेला मॅक्रोही मी ठेवला नाही. ओळीच्या शेवटच्या जागा छाटण्याचं काम त्यात आहेच, आणि सहीसाठी अपवाद लिहीत बसण्यात अर्थ नव्हता. नोटपॅड प्लस प्लसची पोर्टेबल प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. तिची सेटिंग तिच्याच फोल्डरमध्ये राहते, मुख्य प्रतीचे मॅक्रो तिला दिसत नाहीत. मध्यस्थाला आता त्या प्रतीचा पत्ता दिला, ‘मल्टिइन्स्ट’सकट. तिथे एफ-९ला नुसतं सेव्ह लावलं, कारण ताईंच्या बोटाला आता काही शिकवण्यात अर्थ नाही. रंगसंगतीही बदलली, फिकट पिवळी, म्हणजे आपण मेलच्या खोलीत आहोत हे कळावं. ‘सेंड-ऑन-एग्झिट’बद्दल मात्र थोडी घासाघीस झाली. ताईंचं म्हणणं, आता बिघाड दुरुस्त झाला ना, मग परत थंडरबर्डमध्ये येऊन बटण कशाला दाबायचं? मी म्हटलं, जोडपत्रं तिथेच लावायची असतात. यावर त्या तयार झाल्या. मजकूर पुन्हा वाचा, असं सांगितलं असतं तर झाल्या नसत्या.

ताई पुन्हा उच्चारानुसार टंकू लागल्या. इन्स्क्रिप्टच्या त्या एका शुक्रवारबद्दल मी माफी मागितली तेव्हा म्हणाल्या, ‘राहू दे, ऱ कुठे असतो ते तरी कळलं.’

एक धागा उरला होता. मॅक्रो तीन वर्षं चालू होता, तर स्मरणिकेचं काय? जुनी फाइल उघडून ‘र्य’ शोधलं. ‘कार्य’, ‘आर्य’, ‘धैर्य’ वगळत गेलो, तर छापील प्रतीत नसलेले ‘दुसर्या’, ‘सार्या’, ‘पायर्या’ जागोजाग. छापील प्रतीत ते नव्हते कारण मुद्रितशोधक काकांनी सगळे हाताने, लाल शाईने दुरुस्त केले होते आणि छापखान्यात बसवून घेतले होते. कार्यालयातली फाइल तशीच राहिली. काकांना फोन केला. ते म्हणाले, ‘हो, आठवतंय ना. मला वाटलं, तुमच्या ताईंना अर्धा र लिहिता येत नाही. बाईमाणूस, कशाला दुखवायचं, म्हणून बोललो नाही.’

हे वाक्य मी ताईंना कळवलेलं नाही. फाइल दुरुस्त करून ठेवली आहे.